पाइपच्या गॅसला सिलिंडरच्या सवयी चालत नाहीत

मुंबई, ठाणे, पुण्यात घरोघरी पाइपचा गॅस आला, पण गळतीच्या वेळच्या सवयी सिलिंडरच्याच राहिल्या आहेत. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. पाइपमधला वायू बहुतांशी मिथेन, हवेच्या जेमतेम निम्म्या वजनाचा. तो वर चढून माळ्यात आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीत साचतो. म्हणून स्वयंपाकघरातली वरची जाळी उघडीच हवी. मॉड्युलर किचन करताना नेमकी तीच बुजवली जाते आणि व्हॉल्व्ह ट्रॉलीच्या मागे जातो. कृपया असे करू नका. व्हॉल्व्हची दांडी पाइपच्या रेषेत असली की गॅस चालू, काटकोनात असली की बंद. हे आजी-आजोबांना आणि स्वयंपाकाच्या मावशींनाही हाताने फिरवून दाखवा.

हवेत मिथेन साधारण 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते, आणि ती विजेच्या कोणत्याही बटणातून उडू शकते. गॅस बाहेर जावा म्हणून एक्झॉस्ट लावणे हीच मोठी चूक. दिवा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंद. शेगडीची बटणे आणि व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन जिन्याने उतरा. वास उग्र असेल किंवा फुसफुस ऐकू येत असेल, तर खिडक्यांसाठीही थांबू नका. शेजाऱ्यांची बेल वाजवू नका, दार ठोठवा. फोन बाहेर मोकळ्यावर आल्यावरच करा: बिलावरचा आपत्कालीन क्रमांक, आणि अग्निशमन दलासाठी 101. 1906 हा क्रमांक सिलिंडरवाल्यांसाठी आहे.

थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणून परत आत जाऊ नका. नाक त्या वासाला सरावते, गळती तशीच असते. तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नये.

एरवी शंका आली तर रात्री सगळी बटणे बंद करून, व्हॉल्व्ह चालू ठेवून मीटरचे शेवटचे तीन आकडे लिहून ठेवा. अर्ध्या तासाने ते पुढे सरकले असतील तर मीटरनंतर कुठेतरी गळती आहे. मीटरच्या आधीची गळती मात्र यात कळत नाही. सांध्यांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे फुगतात. काडी कधीही लावून पाहू नका. शेगडीची नळी उंदीर कुरतडतात, म्हणून आत तारेची जाळी असलेली, आयएसआय खुणेची नळीच घ्या आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. इमारतीचा पुरवठा मध्येच खंडित झाला की शेगडी आपोआप विझते आणि बटण उघडेच राहते. पुरवठा परत सुरू झाल्यावर त्यातून न जळलेला गॅस घरभर पसरतो. सोसायट्यांनी काम काढण्याआधी आणि पुरवठा सुरू करण्याआधी प्रत्येक घरी निरोप द्यावा. बंद घरांचे व्हॉल्व्ह आधी बंद आहेत याची खात्री करावी.

— पाइप गॅस जोडणी व दुरुस्तीचे काम करणारे तंत्रज्ञ, ठाणे