कॅसेटीशिवाय खप

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता दुकानं नाहीत, कॅसेटी नाहीत, मग खप मोजतात तरी कसा?" तेव्हा मी गडबडीत होते, म्हणून आता निवांत लिहितेय. उदाहरण घेते ते इथे ऑरलँडोत माझ्या ऑफिसातल्या प्वेर्तो रिकोच्या (अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट) मंडळींनी वर्षभर वाजवलेल्या अल्बमचं: बॅड बनीचा 'देबी तिरार मास फोतोस', म्हणजे 'मी आणखी फोटो काढायला हवे होते'.

गायकाचं खरं नाव बेनितो मार्तिनेस ओकासिओ. वडील ट्रक चालवायचे, आई शिक्षिका. हा मुलगा गावच्या सुपरमार्केटात गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरता भरता इंटरनेटवर गाणी टाकायचा. गातो रेगेटॉन, म्हणजे ठेक्यावरचं स्पॅनिश रॅपसारखं गाणं. याच धर्तीच्या गाण्यांच्या कॅसेटी १९९५ मध्ये बेटाच्या राजधानीत, सान हुआनला, दुकानांवर छापे घालून पोलिसांनी उचलून नेल्या होत्या, अश्लील म्हणून. दुकानदारांचे काय हाल झाले असतील ते कॅसेटींचं दुकान चालवलेल्या तुम्हालाच कळेल.

तर हिशोब. तेव्हाच्या नियमाप्रमाणे इंटरनेटवर पैसे भरून ऐकणाऱ्या श्रोत्यांनी अल्बममधली गाणी मिळून १,२५० वेळा ऐकली की अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत एक अल्बम विकला असं धरायचे. फुकट, जाहिरातींसकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० लागायचे. हिशोबाचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार. म्हणून सगळे शुक्रवारीच माल बाजारात आणतात. यानं आणला रविवारी, ५ जानेवारी २०२५ ला, कारण दुसऱ्या दिवशी त्यांचा तीन राजांचा ख्रिस्ती सण. पहिल्या आठवड्यातले दोन दिवस बुडाले आणि अल्बम दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढच्या आठवड्यात मात्र सुमारे २ लाख ३ हजार नगांचा खप होऊन पहिला. दुसऱ्या खेपेला जास्त उठणारा माल तुम्ही वेगळ्या फळीवर ठेवायचात, तसलं हे प्रकरण. स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवर तर त्या वर्षी जगात सगळ्यात जास्त ऐकला गेलेला अल्बम हाच.

आणि हे सगळं स्पॅनिशमध्ये, तेही त्यांच्या बेटाच्या बोलीत! मला विशेष वाटतं ते याचंच. एवढं नाव झाल्यावर माणूस इंग्रजी गायक जोडीला घेतो, चाल गुळगुळीत करतो. यानं उलट बेटावरची प्लेना, म्हणजे तिथलं लोकसंगीत, गाणारी पोरं बोलावली, संगीतशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन सहा मिनिटांचं साल्सा, म्हणजे तिकडचं जुन्या ढंगाचं नाचाचं गाणं, केलं. मुखपृष्ठावर काय, तर केळीच्या झाडांपुढे दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. हाऊसिंग सोसायटीच्या हळदीकुंकवाला मांडतात त्याच, आई.

सगळाच अल्बम आवडला असं नाही. मधली काही गाणी नुसती ठेक्यावर ढकललेली आहेत, आणि शब्द असे की आई, तुझ्यासमोर मी लावणार नाही. पण शीर्षकगीतावर लोकांनी आपल्या आजी-आजोबांचे जुने फोटो लावून इतके व्हिडिओ केले, की स्पॅनिश न येणारेही ते गुणगुणायला लागले.

नंतरचा व्यवहार तर तुम्हाला फारच आवडेल. जगाच्या दौऱ्यावर निघायच्या आधी त्यानं सान हुआनच्या एकाच सभागृहात उन्हाळाभर तीसेक कार्यक्रम लावले. पहिले नऊ फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी, आणि त्यांची तिकिटं तिथेच रांगेत उभं राहून घ्यायची. बाहेरच्यांनी विमानानं यावं, हॉटेलात राहावं, तिथलं खावं. लोक गेलेही. माझी शेजारीण माहेरी जायचं निमित्त म्हणून गेली आणि आवाज बसवून परत आली. जगाच्या दौऱ्यातून त्यानं मुख्य अमेरिकाच वगळली. इमिग्रेशनवाले कार्यक्रमाबाहेर येऊन उभे राहतील ही काळजी त्यानं बोलून दाखवली होती.

१ फेब्रुवारी २०२६ ला याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. संपूर्ण स्पॅनिश अल्बमला हा मान पहिल्यांदाच.

आई, गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर सांग, दादाकडून पाठवते.

बाबा, तुमच्या टॅबवर साल्सावालं गाणं पाठवलंय. आधी ऐका, आणि मग खरं सांगा: भाषा कळत नाही, गायक कोण ठाऊक नाही, वितरकाचा माणूस काउंटरवर उभा. पहिल्या खेपेला किती नग घेतले असतेत?

तुमची,
मनू