बाहेर जेवायला जाण्याआधीची चौकशी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मागच्या फोनवर आई म्हणाली, "गहू तेवढा टाळला की झाले, हॉटेलात जाताना एवढी चौकशी कशाला?" तेव्हा घाईत नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

मला असलेला सीलिअॅक हा आजार म्हणजे गव्हाची अॅलर्जी नव्हे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतले ग्लूटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की माझीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच यावरचा उपाय. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' छापण्यासाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, आणि बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सोसते असे मानतात. बाबा, हिशेब तुम्हीच करा: पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण 2 ग्रॅम ग्लूटेन असते, म्हणजे तिचा दोनशेवा भाग, चिमूटभर चुरा, माझी दिवसाची मर्यादा गाठतो.

त्यामुळे पदार्थात काय घातले आहे, याइतकेच तो कशाकशाला लागला आहे हेही मला विचारावे लागते. बटाटा निर्धोक, पण ज्या तेलात आधी पीठ लावलेले तुकडे तळले त्यातच बटाट्याच्या फोडी सोडल्या तर त्या माझ्या कामाच्या राहत नाहीत, कारण तळणीच्या उष्णतेने ग्लूटेन नष्ट होत नाही. पास्ता उकळलेले पाणी, सामायिक टोस्टर, पावाचा चुरा साचलेली लाकडी फळी, सगळ्यांची तीच गत. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो आणि सूप पुष्कळदा मैद्याने दाट केलेले असते, हे तर वेगळेच.

एकदा सॅलडवर पावाचे तळलेले तुकडे आले. मी ताट परत केले, पण उगीच शंका आली म्हणून देण्याआधी एका पानाला काट्याने तीन भोके पाडून ठेवली. पाच मिनिटांनी "नवीन" ताट आले, त्यात तेच तीन भोकांचे पान होते आणि त्याखाली चुरा. वेटरचा हेतू वाईट नव्हता. वरचे तुकडे वेचले म्हणजे काम झाले, असे त्याला मनापासून वाटत असावे. मी मात्र त्या दिवशी नुसते पाणी पिऊन उठले.

आता मी गर्दीच्या वेळेआधी, दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन करते, तेव्हा आचाऱ्याला बोलायला सवड असते. तळणीचे तेल वेगळे आहे का, माझ्यासाठी तवा घासून घ्याल का आणि हात साबणाने धुवाल का, असे थेट विचारते. सॅनिटायझरने ग्लूटेन निघत नाही, हेही सांगावे लागते. बुफे मी सोडूनच दिला आहे, कारण एकाच डावाने सगळी भांडी ढवळली जातात. उत्तर देण्याची तऱ्हाही मी पाहते. "काही काळजी करू नका" असे झटकन म्हणणाऱ्यापेक्षा "थांबा, आत विचारून येतो" म्हणणाऱ्यावर माझा अधिक विश्वास बसतो. चारचौघांत एवढे प्रश्न विचारायची आधी लाज वाटे, अजूनही थोडी वाटते. पण खाल्ल्यावर पोट दुखले नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असे या आजारात धरता येत नाही, म्हणून नशिबावर हवाला ठेवणे मला परवडत नाही.

परवा एका लहानशा ठिकाणी आचारी स्वतः बाहेर आला. सूप आणि तळलेले काहीही तुम्हाला देणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले आणि स्वच्छ कढईत मासा परतून, वेगळ्या भांड्यातला भात वाढला. पुढच्या महिन्यात रक्ताची तपासणी आहे, ती झाली की पुन्हा तिथेच जाणार आहे.

तुमची लेक