सोनेरी डस्टच्या डबीवरच्या स्टिकरखाली झाकलेली ओळ

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग, आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते

विषय : सोनेरी लस्टर डस्ट (केकवर लावायची चमकीची पूड), ५ ग्रॅम. एमआरपीच्या स्टिकरखाली झाकलेली सूचना आणि काल दुपारचा फोन.

काल दुपारी तुमच्याकडे पाचवा फोन केला. सहावा करणार नाही, म्हणून हे लेखी देते आहे.

डबी कुठली ते तुम्हाला सांगायला नको. बॅच नंबरचा फोटो जोडला आहे. तिच्या मागच्या बाजूला तुमचा पांढरा स्टिकर आहे : एमआरपी, आयात केल्याचा महिना, कस्टमर केअरचा नंबर. त्या स्टिकरखाली इंग्रजीत एक बारीक ओळ छापलेली आहे. तिचा अर्थ : फक्त सजावटीसाठी, खाण्यासाठी नाही, खाण्याआधी काढून टाकावे. ही ओळ मला केक पूर्ण झाल्यावर दिसली.

गेल्या महिन्यात माझ्याकडे लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा केक होता. चार किलो, दोन मजली. खालचा मजला पूर्ण सोनेरी आणि वरच्या हस्तिदंती मजल्यावर आजींच्या शालूच्या काठाची वेल सोन्यात. आजींनी पन्नास वर्षांपूर्वीचा तो शालू कपाटातून काढून काठाचा जवळून फोटो पाठवला होता. कोयऱ्या मोजून घ्या, एका वेलीत सात आहेत, असा नातवाकडून निरोपही दिला होता.

फॉन्डंटवर, म्हणजे केकवर चढवायच्या साखरेच्या थरावर, सोनं चढवायला किती वेळ लागतो हे तुमच्या फोनवरच्या माणसाला माहीत नव्हतं, तुम्हाला असावं. पांढऱ्यावर सोनं उठत नाही, म्हणून आधी फॉन्डंट पिवळसर तपकिरी मळून घेतला. लाटताना लावलेलं कॉर्नफ्लोअर कोरड्या ब्रशनं पूर्ण झटकलं, कारण त्याचा कण राहिला तरी तिथे मळकट ठिपका दिसतो. डस्ट पाण्यात कालवता येत नाही. पाणी लागलं की साखर विरघळते आणि फॉन्डंट चिकट होतो. म्हणून केकसाठी मिळणारं अल्कोहोल घेतलं. ते उडून जातं आणि मागे चमक राहते. पण ते वाटीतूनही उडतं, मिश्रण घट्ट होतं, डस्ट तळाशी बसते, म्हणून दर दोन फटकाऱ्यांनी ढवळायचं आणि दोन थेंब वाढवायचे. पहिला हात कायम रेघारेघांचा येतो. तो वाळल्यावर दुसरा आडवा, मग तिसरा. रात्री अकराला बसले ती पहाटे साडेतीनला उठले. कोयऱ्या सातच काढल्या.

सकाळी माझ्या वहीत बॅच नंबर लिहायला डबी हातात घेतली. मी घरून केक करते, पण एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आहे आणि कुठल्या केकला कुठला माल लागला हे मी लिहून ठेवते. रात्री अल्कोहोलचा ओघळ डबीवरून गेला होता, त्यानं स्टिकरचा डिंक सुटून एक कोपरा वर आला होता. तो नखानं सोलला आणि खाली ती ओळ.

केक न्यायला माणसं साडेबाराला येणार होती. मी खालच्या मजल्याचा फॉन्डंट सुरीनं उभा चिरून सोलून काढला. वरची वेल पुसून निघणारी नव्हती, तोही थर काढला. हाताला, नखांत, ओट्यावर, सगळीकडे सोनं. घरात होता तेवढा साधा हस्तिदंती फॉन्डंट चढवला आणि ओळखीच्या मिठाईवाल्याकडून चांदीचा वर्ख आणून कडेला लावला. आजींच्या घरच्यांना खरं काय ते सांगितलं आणि अर्धे पैसे परत दिले. त्यांचा मुलगा म्हणाला, ताई, सांगितलंत हे बरं केलंत. आजी काही रागावल्या नाहीत. केकभोवती एकदा फिरल्या आणि फक्त विचारलं, "काठ नाही का जमला?"

वर्खाचं मुद्दाम सांगते. काजूकतलीवरचा वर्ख आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो, आणि त्यात चांदी ९९.९ टक्क्यांपेक्षा कमी नसावी हे आपल्याकडे नियमात लिहिलेलं आहे. खायचं सोनं-चांदी म्हटलं की त्यात काय आहे ते सांगावं लागतं. तुमच्या सोनेरी डबीवर घटकांची यादीच नाही. हिरवा ठिपका नाही, चौदा आकडी परवाना क्रमांक नाही. हे मी आधी बघायला हवं होतं. ती माझी चूक आहे आणि ती मी त्या घरातल्या लोकांपुढेही मान्य केली. पण तुमची चंदेरी डस्ट मी चार वर्षं वापरते आहे. तिच्यावर हे सगळं आहे. अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साइड, सगळं ओळीनं लिहिलेलं. (ते टायटॅनियम डायऑक्साइड युरोपनं २०२२ मध्ये खाण्यातून बंद केलं, तो प्रश्न वेगळा. निदान लिहिलेलं असलं की वापरायचं की नाही ते मला ठरवता येतं.) सोनेरी डबी तिच्यासारखीच : तेच झाकण, तीच अक्षरं, समोर तेच केकचं चित्र. तुमच्या साइटवर ती खायच्या रंगांच्या शेजारी लागली आहे आणि खाली 'फॉन्डंट आणि चॉकलेटसाठी उत्तम' असं लिहिलं आहे. सोनेरी डबी खाण्याची नाही हे स्पष्ट सांगणारी एकच ओळ आहे आणि ती तुम्ही स्टिकरनं झाकली आहे.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या सोनेरी डस्टमधली चिमूटभर बशीत घेऊन वर लिंबू पिळलं, शेजारी तुमच्याच चंदेरी डस्टवरही पिळलं. सकाळी चंदेरी होती तशीच होती. सोनेरीच्या कडेला हिरवट निळी रेघ धरली होती, तांब्याच्या भांड्यात आंबट राहिलं की धरते तशी. मी प्रयोगशाळा नाही, पण तीस वर्षं तांब्या-पितळेची भांडी घासली आहेत. फोटो जोडला आहे. यात तांबं किंवा पितळ नसेल, तर तसा तपासणीचा अहवाल तुम्ही मला दाखवा.

हे उगाच घाबरणं नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली एका वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवरच्या गुलाबी सोनेरी डस्टमध्ये तांब्याची पूड निघाली. अशा काही डस्टच्या डब्यांवरही 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असतं. पुढच्याच वर्षी मिझुरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं आणि त्याचा माग केकवरच्या डस्टपर्यंत गेला. तिथल्या रोग नियंत्रण केंद्रानं दोन्ही घटना २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या. हा माल आयात करून विकणाऱ्या कंपनीला हे माहीत असायलाच हवं.

आता कालचा फोन. आधीचे चार फोन 'तक्रार नोंदवली आहे, दोन दिवसांत कळवतो' एवढ्यावरच संपले, त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. काल वीस मिनिटं थांबवून एका वरिष्ठांना जोडून दिलं.

ते म्हणाले, "मॅडम, प्रॉडक्ट नॉन-टॉक्सिक आहे."
मी विचारलं, "म्हणजे खाण्याचं आहे का?"
"म्हणजे पोटात गेलं तरी काही होत नाही."
"मग खाण्यासाठी नाही असं का छापलंय?"
"ते सगळेच छापतात."
"मग त्यावर स्टिकर का लावला?"
"स्टिकर कायद्यानं लावावा लागतो."
"डबीला झाकण आहे, दुसरी बाजू आहे. नेमका त्या ओळीवरच का?"

यावर बराच वेळ काही नाही. मागे कोणीतरी चहा मागवत होतं, ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं शॉप कुठे आहे?" मी म्हटलं, घरून करते. "अच्छा, होम बेकर." आणि त्यापुढे आवाजच बदलला. शाळेत चुकलेल्या मुलाशी बोलतात तसं सावकाश बोलायला लागले. "बघा ताई, मोठमोठ्या बेकऱ्या आमच्याकडून हे किलोनं उचलतात. त्यांची एक कम्प्लेंट नाही. तुम्ही पाच ग्रॅमच्या डबीसाठी पाच फोन केलेत." मी म्हटलं, पाच ग्रॅम साठ माणसांच्या ताटात जाणार होते. तर म्हणाले, "केकवरचं सोनं कोण खातं हो? लोक फॉन्डंट काढूनच टाकतात." आणि मी त्यावर काही बोलायच्या आत, "शंभर रुपयांचं कूपन पाठवतो, तेवढा साइटवरचा रिव्ह्यू काढून टाका."

साहेब, केकवरचं सोनं मुलं खातात. सोनेरी तुकडा मला, म्हणून भांडतात आणि आधी तोच खातात. जो माणूस केकवर लावायचं सामान विकतो त्याला हे माहीत नसेल तर त्यानं ते विकू नये. आणि शंभर रुपयांत मी गप्प बसेन असं तुम्हाला वाटलं, याचा मला डबीपेक्षा जास्त राग आला आहे. रिव्ह्यू मी काढणार नाही.

चार वर्षं मी तुमचा माल वापरला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकांना कंपनी म्हणून तुमचंच नाव सांगितलं. त्यांच्यातल्या अकरा जणींकडे आज हीच सोनेरी डबी आहे. त्या सगळ्यांना मी एकेक फोन करून स्टिकर सोलायला लावला. अकराही डब्यांवर स्टिकर त्याच ओळीवर होता. एका डबीवर तिरका लागला म्हणून समजू शकते. अकरा डब्यांवर एकाच जागी कसा लागतो, याचं उत्तर मला पाहिजे.

मला डबीचे पैसे नकोत. या बॅचचा तपासणी अहवाल पाहिजे, साइटवरून ती डबी खायच्या रंगांच्या पानावरून आजच्या आज हलवायला पाहिजे, आणि ज्यांनी ज्यांनी ती घेतली त्यांना तुम्ही स्वतः कळवायला पाहिजे. पत्ते आणि फोन नंबर तुमच्याकडे आहेत, सणासुदीला ऑफरचे मेसेज बरोबर येतात. त्या केकवर मी परत दिलेले अर्धे पैसेही तुम्ही भरून द्यायला हवेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन, सांगलीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात डबी जमा करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाईन. हे अन्नच नाही असं तुम्ही म्हणणार असाल तर तेच लेखी द्या. ते मी साइटच्या त्या पानाच्या छायाचित्राबरोबर जोडीन.

डबी झाकण लावून, उरलेल्या डस्टसह माझ्याकडे आहे. सोललेला स्टिकर वहीच्या त्याच पानावर चिकटवला आहे, जिथे बॅच नंबर लिहिला होता. कुरिअरनं काही परत मागवू नका, मी देणार नाही.

आपली ग्राहक
(सही)
सांगली

सोबत : पावतीची प्रत, डबीचे स्टिकरसह आणि स्टिकर काढल्यावरचे फोटो, लिंबाच्या बशीचा फोटो.