सूचना : मुख्याध्यापक व कार्यालयासोबत संयुक्त बैठक

सर्व शिक्षक सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर, दुपारी १२ वाजता, शिक्षक कक्षात मुख्याध्यापक, पर्यवेक्षक व लिपिक यांच्यासोबत बैठक आहे. सर्वांनी पूर्ण वेळ थांबावे.

१. ऑफ तास (गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर घ्यावा लागणारा तास) : सर्वाधिक कुरबुर यावरूनच. चिठ्ठी ऐनवेळी येते आणि काही नावे आठवड्यात तीनदा लागतात. गेल्या महिन्यात आपल्याला लागलेले ऑफ तास तारीख, वर्ग व तासिकेसह लिहून आणावेत. ‘नेहमी मलाच’ एवढ्यावर चर्चा पुढे सरकत नाही. वहीत पाळीने नोंद ठेवून ती शिक्षक कक्षात लावावी, अशी आपली मागणी राहील.

२. रजा : फोनवर कळवले तरी हजर होताच लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज नसेल तर हजेरीपत्रकात गैरहजेरी राहते आणि शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीत वेतन देयक करताना घोळ होतो. यात लिपिकांचा दोष नसतो.

३. यूडायस प्लस (शाळा व विद्यार्थ्यांची माहिती भरण्याची सरकारी ऑनलाइन प्रणाली) : विद्यार्थ्यांची नावे व जन्मतारखा जनरल रजिस्टरशी (शाळेच्या प्रवेश नोंदवहीशी) ताडूनच द्याव्यात. कार्यालयाने माहितीचा एकच नमुना, तोही किमान तीन दिवस आधी द्यावा.

४. अशैक्षणिक कामे : शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांना मुभा आहे. त्यावरून मुख्याध्यापकांशी वाद नको. फक्त वाटपाबद्दल बोलावे.

वैयक्तिक तक्रारी बैठकीत काढू नयेत, त्यासाठी स्वतंत्र वेळ मागावी. इतर मुद्दे गुरुवारपर्यंत शिक्षक प्रतिनिधींकडे लेखी द्यावेत.

– शिक्षक प्रतिनिधी