कंत्राटदारांनो, मालक पारखून घ्या

मा. संपादक,
स. न.

घर बांधताना मालकाने कंत्राटदार कसा निवडावा, यावर वर्तमानपत्रांत अधूनमधून लेख येतात आणि ते यायलाच हवेत. कंत्राटदाराने मालक कसा निवडावा, हे मात्र कुणी लिहीत नाही. गोव्यात डिचोली-सत्तरीतले माझ्यासारखे छोटे कंत्राटदार धंदा सोडू लागले आहेत. काम भरपूर आहे, माणसे थकली आहेत. माझा एक जवळचा सहकारी हल्लीच सगळे आवरून भावाच्या दुकानात बसला. रक्तदाब वाढलेला, झोप उडालेली, फोन वाजला की छातीत धडधड. त्याच्या कामाला कुणी नाव ठेवले नव्हते. ज्यांची कामे त्याने घेतली, त्या माणसांनी त्याला संपवले.

आपल्याकडे बांधकामाचा मोसम दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत. जूनमध्ये पाऊस लागला की पाया खणता येत नाही, उघड्यावर चिरा लावता येत नाही. या सात-आठ महिन्यांत वर्षाची कमाई करायची म्हणून आपण येईल ते काम घेतो. त्यात मालक आपल्याच वाड्यावरचा, नाहीतर सोयऱ्यांतला. तोंडावर नाही कसे म्हणायचे? मग पुढचे सगळे भोगावे लागते.

ते भोगणे कसे असते, ते मालकांनीही वाचावे म्हणून सांगतो. स्लॅब ओतून आठवडा झालेला असतो. स्लॅबचा हप्ता त्याच दिवशी मिळायचा होता. शनिवारची संध्याकाळ. विजापूर-बागलकोटकडची माणसे हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून पत्र्याच्या शेडपुढे उभी असतात, कारण आज मजुरी मिळाली तरच उद्या गावी पैसे जाणार. मालक फोन उचलत नाही. तासाभराने निरोप येतो, 'बँकेचे अजून झाले नाही, सोमवारी बघू.' कंत्राटदार हार्डवेअरवाल्याकडून उसने घेऊन मजुरी चुकती करतो आणि सोमवारी बायकोची साखळी पतसंस्थेत नेऊन ठेवतो. त्याच शनिवारी रात्री अकराला तो मालक बेंगळुरूच्या शोरूममधल्या नळाचा फोटो पाठवून विचारतो, हा आपल्याकडे बसेल का? एखाद्या मोसमात चार साइटवर हे असेच चालले तर धडधाकट माणूसही अंथरूण धरतो.

असा मालक पहिल्या-दुसऱ्या भेटीतच ओळखता येतो, हे माझे अनुभवाचे मत आहे. नकाशा दाखवण्याआधी जो चौरस मीटरचा दर विचारतो आणि लगेच दुसऱ्या कुणाचा कमी दर ऐकवतो, त्याला आपले काम नको, आपला आकडा हवा असतो. आधीच्या कंत्राटदाराला शिव्या घालणारा भेटला तर मी त्या कंत्राटदाराला फोन करतो. बहुतेक वेळा त्याचे पैसे अडकलेले निघतात.

'परवाना येतोच आहे, तुम्ही पाया घ्या' म्हणणाऱ्याकडे तर फिरकूच नये. सनद (जमीन बांधकामासाठी वापरण्याची सरकारी परवानगी), नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा बांधकाम परवाना, हे तिन्ही कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुदळ मारू नका. काम थांबवण्याची नोटीस निघाली की मालक घरी बसतो. साइटवर बसलेल्या माणसांचे जेवण आपल्या खिशातून जाते.

जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उताराही मागा आणि त्यावर किती नावे आहेत ती बघा. गोव्यात हा मुद्दा फार मोठा आहे. एक भाऊ आखातात, दुसरा तारवटी (बोटीवर नोकरीला), तिसरा घरात, आणि जुने घर पाडायचे ठरवले एकट्या तिसऱ्याने. चिऱ्याच्या दोन ओळी चढतात न चढतात तोच दुसऱ्या भावाची तक्रार पंचायतीत पोचते. शिवाय आपल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून दर सांगण्याआधी मी घरच्या बाईंशी बोलायचे आहे म्हणून सांगतो. स्वयंपाकघर कुठे, खिडकी कुठे, हे त्यांच्या तोंडून ऐकतो. हे आधी केले नाही तर खिडकीवरचे लिंटल (काँक्रीटची आडवी पट्टी) ओतल्यावर बाई साइटवर येतात आणि खिडकी अर्धा मीटर सरकवायला सांगतात. ऐकायला एवढेसे वाटते. पण त्यासाठी लिंटल फोडायचे, सळ्या कापायच्या, चिरे उतरवायचे, आणि उतरवलेल्या चिऱ्यांतले कितीतरी फुटतात. मेस्ताचे, म्हणजे गवंड्याचे, दोन दिवस जातात आणि हिशेबाच्या वेळी मालक म्हणतो, त्याचे वेगळे पैसे कसले? माझ्याकडे आता बदलाची वही असते. काय बदलायचे, किती खर्च, मालकाची सही. सही झाल्याशिवाय छिन्नी उचलत नाही.

'चवथीला गणपती नव्या घरात' हा हट्टही जपून ऐकावा. देवाच्या कामाला नाही म्हणवत नाही. पण काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे साधे सिमेंट असले तरी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवस आणि सहा मीटरहून लांब बीमखालचे एकवीस दिवस काढायचे नसतात. आज बाजारात मिळते ते बहुतेक फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) मिसळलेले सिमेंट. ते सावकाश ताकद धरते, त्याला दहा दिवस तरी पाणी मारावे लागते. श्रावणातल्या दमट हवेत ओल्या गिलाव्यावर रंग मारला तर दिवाळीच्या आत पोपडे निघतात आणि नाव आपले जाते. ज्याला या गोष्टी शांतपणे ऐकून घेता येत नाहीत, त्याचे काम सोडावे. स्लॅबखाली माणसे झोपणार आहेत.

कायद्याचेही एक ध्यानात घ्या. 1993च्या दुरुस्तीने घरबांधणी ग्राहक संरक्षण कायद्यात आली आणि 2019च्या नव्या कायद्यातही ती आहे. काम बिघडले तर मालक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, त्याला हा हक्क असायलाच हवा. आपली मजुरी बुडाली तर आपल्याला मात्र दिवाणी दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांच्या मुदतीत. वकिलाची फी आणि तारखा परवडणारा छोटा कंत्राटदार मला तरी भेटलेला नाही. म्हणून जी काय काळजी घ्यायची ती कुदळ मारण्याआधी. करार लेखी हवा. पाया, प्लिंथ (जोते), लिंटल, स्लॅब, गिलावा, फरशी, असे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा हप्ता तो टप्पा सुरू होण्याआधी घ्यावा. रेती आणि चिरे यांचा भाव मोसमात वाढला तर फरक कोणी सोसायचा, तेही त्यात लिहावे. शेवटचे पाच टक्के मी स्वतःहून मालकाकडे एक पावसाळा ठेवतो. गळती दिसली तर दुरुस्त करून मगच घेतो. प्रामाणिक मालकाला यातून विश्वास वाटतो, आणि ज्याला बुडवायचेच आहे त्याच्या हाती फार काही राहत नाही.

मी एका वेळी दोनच साइट घेतो. रात्री आठनंतर फोन घेत नाही, रविवार घरच्यांचा. हे मालकाला पहिल्याच भेटीत सांगतो. नकार द्यायचा असेल तर त्याच्या घरी जाऊन देतो, फोनवर टाळाटाळ करत नाही. पहिल्या मोसमात मिळकत घटली, घरी ओढाताण झाली. आता मजुरीसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

पंचायतींना एक विनंती. बांधकाम परवाना देताना त्याबरोबर टप्प्यांच्या हप्त्यांचा आणि बदलांच्या नोंदीचा एक साधा नमुना करार मराठी-कोकणीत छापून द्यावा. त्याला खर्च नाममात्र येईल आणि मालकाच्या मनात संशय राहणार नाही. तोपर्यंत मी वापरतो तो मसुदा कुणा कंत्राटदाराला हवा असेल तर माझा फोन नंबर संपादकांकडे दिला आहे. दसऱ्याआधी मागून घ्या, एकदा कामे लागली की बसून बोलायला सवड मिळत नाही.

आपला,
एक बांधकाम कंत्राटदार, डिचोली