रोपट्यासोबतचे फोटो पुरे, आता राखेचं बोला

संपादक साहेब,

५ जूनचा पर्यावरण दिन आला की सगळ्याच पेपरांत एक फोटो हमखास असतो, वीतभर रोपटं आणि त्याला धरायला आठ-दहा पुढारी, आणि खाली ओळ की तरुणाईने पर्यावरणासाठी पुढे यावं. आम्हा चंद्रपूरकरांना हा फोटो जरा जास्तच विनोदी वाटतो. इथे महानिर्मितीचं सगळ्यात मोठं औष्णिक वीज केंद्र आहे, २९२० मेगावॅटचं, बाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली तेव्हा आमचा नंबर होता चौथा, ८३.८८ गुण. एवढे मार्क बोर्डात पडले असते तर पेढे वाटले असते.

मुद्दा असा आहे की पुढाऱ्यांना वाटतं तरुण पोरांचं पर्यावरण म्हणजे झाडं लावणं, प्लास्टिक उचलणं आणि सायकल रॅली. त्याला ते लगेच येतात, टी-शर्ट पण देतात. पण वीज कशापासून बनते, राख कुठे टाकता, चिमणीतून काय बाहेर पडतं, हे विचारलं की साहेब मीटिंगमध्ये असतात. आणि खरं सांगू का, यात त्यांची चूक अर्धीच आहे. आपण मत मागायला आलेल्या माणसाला हे कधी विचारलंच नाही.

जे विचारलं ते मिळालं, हे पण बघा. शेतकऱ्यांनी कित्येक वर्षं आरडाओरडा केला की आम्हाला दिवसा वीज द्या. आमच्या जिल्ह्यात तर दिवसा वीज ही चैन नाही, गरज आहे, रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं म्हणजे साप-विंचू तर आहेतच, पण ताडोब्याच्या आसपासच्या गावात वाघ पण असतो. शेतकरी मतदार आहे आणि तो मतदानाला जातो, त्यामुळे सगळ्या पक्षांना ते ऐकावं लागलं आणि मग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी, म्हणजे शेतीला दिवसा सोलरची वीज द्यायची योजना, आली, मागेल त्याला सौर कृषी पंप आला, ज्यात शेतकऱ्याने फक्त १० टक्के भरायचे आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. अंमलबजावणीत घोळ आहेत, पंपाची वाट बघत बसलेले शेतकरी मला माहीत आहेत, पण सोलर हा विषय गावच्या पारावर आला ना! तो कोणी हवामान बदलावर भाषण दिलं म्हणून नाही आला, मतांमुळे आला.

शहरात आपण काय मागितलं? २०० युनिट फ्री. जिल्ह्यात वीज बनते, धूर आम्ही खातो, तर बिल तरी माफ करा. मागणी मला पण चुकीची वाटत नाही, पण विचार करा, आपण धुराची भरपाई मागितली, धूर कमी करा असं नाही म्हटलं. कोळशाच्या केंद्रांनी सल्फर डायऑक्साइड कमी करायची यंत्रणा, ज्याला एफजीडी म्हणतात, ती बसवावी असा नियम केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये काढला होता, दोन वर्षांची मुदत होती. मग मुदत वाढली, परत वाढली, परत वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक संचांना (म्हणजे केंद्रातल्या वीज बनवणाऱ्या युनिटांना) त्यातून सूटच देऊन टाकली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांचं काय तर प्रत्येकाचा वेगवेगळा विचार करून ठरवू. म्हणजे आमचं अजून ठरायचंय. आता हे ठरवताना आमच्या खासदाराने, आमदाराने तिकडे काय बाजू मांडली, बसवा म्हणाले का नको म्हणाले का काहीच नाही म्हणाले? हे विचारायला काही पीएचडी लागत नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो, कारण पुण्या-मुंबईची मंडळी यावर पटकन बोलून मोकळी होतात. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची घरं कोळशावर चालतात. कोणाचे वडील खाणीत, कोणाचा भाऊ वीज केंद्रात कंत्राटी, कोणी प्रकल्पग्रस्त म्हणून परमनंट व्हायची वाट बघतोय आणि वय निघून चाललंय. त्यांच्यासमोर जाऊन कोळसा बंद करा म्हटलं तर ते मला हाकलतील आणि बरोबरच करतील. म्हणून आमचा प्रश्न वेगळा आहे. जुने संच एक ना एक दिवस बंद होणारच आहेत, २१० मेगावॅटचे पहिले दोन केव्हाच झाले. मग पुढच्या संचांची वेळ येईल तेव्हा त्या कंत्राटी पोराचं काय करणार, इथल्या आयटीआयत सोलरचं ट्रेनिंग आत्तापासून किती जणांना देणार, वापरून संपलेल्या खाणींच्या जमिनीवर काय उभं करणार? यावर एकाही पक्षाचा कागद माझ्या बघण्यात नाही. देशाच्या पातळीवर सांगतात की विजेच्या स्थापित क्षमतेत निम्मी आता कोळसा-गॅस सोडून आहे, ते खरं पण आहे, २०२५ मध्ये तो टप्पा गाठला. पण प्रत्यक्षात बनते त्यातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच, आणि तो कोळसा आमच्याच उशाशी जळतो.

पाण्याचं पण तेच. इरई धरणावर वीज केंद्र पण चालतं आणि शहर पण पाणी पितं. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून संच बंद ठेवायची पाळी आली होती. मे महिन्यात ४५-४६ डिग्री हे आमच्याकडे काही नवीन नाही, पण उन्हाळे असेच तापत गेले तर पाणी आधी कोणाला, हे निवडणुकीत विचारायचं नाही तर कधी?

निवडणुकीवरून आठवलं. आमच्या महापालिकेची निवडणूक २०१७ च्या एप्रिलमध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२६ च्या जानेवारीत. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. म्हणजे ज्याला २०१७ साली अठरा पूर्ण व्हायला दोन-तीन महिने कमी पडले त्याला नगरसेवक निवडायची पहिली संधी मिळाली तेव्हा तो २६ चा होता! मग म्हणतात तरुणांना राजकारणात इंटरेस्ट नाही. अहो मिळू तर द्या. पण आपल्या पोरांना पण सांगायचंय, मतदार यादीत नावच नसेल तर स्टोरी टाकून काही होत नाही. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या तारखेला अठरा पूर्ण झाले की नाव घालता येतं, सहा नंबरचा फॉर्म मोबाईलवरून भरता येतो. कॉलेजच्या फेस्टला रांगेत उभं राहणाऱ्यांना हे जड नाही.

बाहेर हे झालेलं आहे. जर्मनीत शाळा-कॉलेजची पोरं दर शुक्रवारी रस्त्यावर आली, काही तरुण कोर्टात गेले, २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला सुनावलं की सगळा भार पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही, आणि सप्टेंबरात निवडणूक तोंडावर होती म्हणून सरकारने पटापट कायदा बदलून कार्बन शून्याचं वर्ष २०५० वरून २०४५ वर आणलं. निवडणूक लांब असती तर एवढी घाई केली असती का, मला शंका आहे. अमेरिकेत २०२२ ला हवामान बदल रोखायला स्वच्छ ऊर्जेला सवलती देणारा मोठा कायदा झाला त्यामागे पण तरुणांचा रेटा होता, पण सरकार बदललं आणि २०२५ मध्ये त्यातल्या बऱ्याच सवलती कापल्या, म्हणजे एकदा मत देऊन घरी बसलं की असं होतं. आपल्याकडे पण सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या केसमध्ये म्हटलंय की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क आहे. पण कोर्टाने हक्क म्हटलं म्हणून नगरसेवक महापालिकेच्या शाळेवर सोलर बसवत नाही.

आणि घरच्या सोलरचं म्हणाल तर सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, छान आहे, पण ते स्वतःचं छत असणाऱ्याला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांनी काय करायचं, घरमालकाला जाऊन सांगायचं?

तर संपादक साहेब, एक विनंती आहे. निवडून आलेल्यांच्या मुलाखती तुम्ही छापताच. त्यात यावेळी आवडता पदार्थ आणि आवडता नेता या प्रश्नांच्या जागी आमचे तीन घाला. एफजीडीबद्दल तुम्ही लेखी काय मागणी केली? राखेचे ट्रक झाकून जातात की नाही हे तुमच्या प्रभागात कोण बघतं? आणि पाणीपुरवठ्याचे पंप, शाळा, दवाखाने यातलं काय किती साली सोलरवर नेणार? उत्तर दिलं तर उत्तर छापा, नाही दिलं तर नावासमोर जागा रिकामी सोडा. कात्रण आम्ही जपून ठेवू, पुढच्या वेळी साहेब दारात आले की दाखवायला.

– एक तरुण मतदार, चंद्रपूर