स्पीडवेचा संघ: सरासरीची मर्यादा हवीच, पण थोडी शहाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत ब्रिटनच्या स्पीडवे लीगवर आलेला लेख वाचला. मराठी वर्तमानपत्रात या खेळाला अर्धे पान मिळालेले पाहून आधी आनंद झाला आणि दुसऱ्या परिच्छेदापासून हात शिवशिवू लागले. लेखकाचे म्हणणे असे, की चार जण बिनब्रेकच्या मोटारसायकलींवर डावीकडे वळत चार फेऱ्या मारतात, ज्याची गाडी पळेल तो जिंकतो. यात संघ कसला आणि डावपेच कसले! शेवटी त्यांनी असेही सुचवले आहे, की संघातल्या रायडरांच्या सरासरी गुणांच्या बेरजेवर असलेली मर्यादा उठवावी आणि ज्याला परवडतील त्याने हवे ते रायडर घ्यावेत. पहिले म्हणणे साफ चूक आहे. दुसऱ्यामागची तक्रार खरी आहे, पण सांगितलेले औषध भलतेच.

मी मँचेस्टरला राहते आणि बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावते. सोमवारी बेल व्ह्यू एसेसची घरची मॅच असली, की कर्कमन्शुल्म लेनवरच्या नॅशनल स्पीडवे स्टेडियममध्ये जाते. हातात प्रोग्राम आणि पेन असते, कारण इथे निम्मे प्रेक्षक प्रत्येक हीटचे, म्हणजे चौघांच्या एकेका शर्यतीचे, गुण स्वतः लिहून काढतात. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ उभे असतात. कोणाच्या किती राइड झाल्या आणि कोणाला बदलता येईल, हे ते टीम मॅनेजरच्या आधी सांगतात. या खेळाचा अर्धा भाग ट्रॅकवर घडतो आणि अर्धा त्या प्रोग्रामच्या चौकटींमध्ये, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आधी लेखासोबतच्या गुणतक्त्याबद्दल. त्यात एका रायडरपुढे ११+१ असे छापले होते आणि बेरजेत ते बारा धरले होते. लीगच्या मॅचमध्ये पंधरा हीट असतात. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य; म्हणजे दर हीटला सहा आणि मॅचला नव्वद गुण. एकाच हीटमध्ये दोघे पडले किंवा बाद झाले तर थोडे कमी. आपल्या तक्त्यात दोन्ही संघांचे मिळून शंभराच्या वर गेले होते. 'अधिक'नंतरचा आकडा बोनसचा असतो. तो रायडरच्या खात्यात जातो, संघाच्या नाही.

हा बोनस म्हणजेच लेखकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रत्येक हीटमध्ये एका संघाचे दोन रायडर असतात. यजमानांचे लाल आणि निळ्या हेल्मेटचे, पाहुण्यांचे पांढऱ्या आणि पिवळ्या. रायडरला पैसे गुणांवर मिळतात. इंजिन, टायर, मेकॅनिक हा खर्च त्याचा त्यालाच करायचा असतो. असा माणूस पुढे चाललेल्या आपल्याच जोडीदाराला गाठायला का बघणार नाही? म्हणून नियम असा, की जोडीदाराच्या लगेच मागे राहून प्रतिस्पर्ध्याच्या पुढे हीट संपवली, तर गेलेला एक गुण बोनस म्हणून त्याला परत मिळतो. त्याच्या पैशांत आणि सरासरीत तो धरला जातो. मग दोघांना एकमेकांवर उड्या टाकायचे कारण उरत नाही आणि जोडीने रेस करता येते.

जोडीने रेस करणे म्हणजे काय, ते पहिल्या बेंडवर बघावे. सुरुवातीच्या रेषेवर आतून बाहेर चार जागा, म्हणजे गेट, असतात; एका संघाला गेट १ आणि ३, दुसऱ्याला २ आणि ४. समोरची टेप उडाली, की सगळ्यात आतल्या गेटचा रायडर चांगला सुटला तरी लगेच आतली कड धरून पळत नाही. तो जरासा बाहेर सरकतो, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याला बाहेरून लांब वळायला लावतो आणि मोकळ्या झालेल्या आतल्या वाटेने त्याचा जोडीदार घुसतो. पुढच्या सरळ पट्ट्यावर तोच रायडर मागे वळून बघतो आणि थ्रॉटल किंचित सोडून जोडीदाराला बाजूला येऊ देतो. दोघे मिळून रस्ता बंद करतात आणि मागचा कितीही वेगवान असला तरी शेलचा, म्हणजे ट्रॅकवरच्या भुरभुरीत खडीचा, मारा खात बसतो. निकाल पाच-एक. चौदा हीटनंतर यजमान ४३-४१ असे पुढे असले आणि शेवटच्या हीटमध्ये पाहुण्यांनी पाच-एक काढले, तर मॅच ४६-४४ अशी पाहुण्यांची. एकट्याने कितीही शौर्य गाजवले तरी तीनच गुण मिळतात, आणि मागे दोन पाहुणे आले तर हीट बरोबरीत सुटते.

शेवटच्या हीटला दोन्ही मॅनेजर आपापली जोडी निवडतात. तिथे नुसते सर्वांत जास्त गुणांचे दोघे उतरवून चालत नाही. कोणत्या गेटवरून कोण नीट सुटतो आहे, एव्हाना बाहेरच्या पट्ट्यात शेल साचून पकड मिळते आहे का, दोघांचे एकमेकांशी जमते का, हे सगळे बघावे लागते. आपल्या खात्याचा विचार करणारे दोन तारे एकत्र उतरवून मॅच घालवल्याचे मी पाहिले आहे. त्या दिवशी माझ्या शेजाऱ्यांनी हीट सुरू व्हायच्या आधीच पेन खिशात ठेवले होते.

आता निवडीकडे येते, कारण मला खरे लिहायचे आहे ते त्याबद्दल.

रायडरचे गुण अधिक बोनस, भागिले राइड, गुणिले चार, ही त्याची सरासरी. प्रत्येक राइड जिंकणाऱ्याची बारा. दर हिवाळ्यात प्रमोटर, म्हणजे क्लब चालवणारे, एक आकडा ठरवतात आणि सात जणांच्या सरासरींची बेरीज त्याच्या आत बसवावी लागते. प्रत्येक राइडला सरासरी दीड गुण वाट्याला येतो, म्हणजे मध्यम रायडरची सरासरी सहा, बोनस धरून थोडी वर. असे सात घेतले, की बेरीज बेचाळिसाच्या पुढे. नऊ-दहाचा एक मोठा खेळाडू घ्यायचा तर खाली कोणीतरी चारचा घ्यावाच लागतो. डेपोत माझे असेच असते: अनुभवी ड्रायव्हर सगळ्यांना पहाटेच्या गर्दीला हवे असतात, पण त्यांचे तास मोजके. कौशल्य लागते ते चांगला माणूस ओळखण्यात नाही. कागदावर चारचा दिसणारा पण प्रत्यक्षात सहाचा निघेल, असा माणूस हुडकण्यात.

याचे उत्तम उदाहरण २०२१ चा पीटरबरो पँथर्स. कोविडमुळे २०२० चा हंगाम झालाच नव्हता. त्यानंतर त्यांनी जो संघ जाहीर केला त्याची लोकांनी टिंगल केली. स्कॉट निकोल्स आणि ब्यार्ने पेडरसन चाळिशी ओलांडलेले, हान्स अँडरसन आणि उलरिक ओस्टरगार्ड चाळिशीचे, क्रिस हॅरिस तिच्या उंबरठ्यावर. पोरसवदा असा जॉर्डन पालिन एकच. हा संघ तळाला जाणार, असे भाकीत झाले होते. पण निकोल्स सात वेळा ब्रिटिश विजेता झालेला, हॅरिसने २००७ ची कार्डिफची ग्रां प्री जिंकलेली. उतरत्या वयामुळे यांची सरासरी उतरली होती, अक्कल उतरली नव्हती. मर्यादेत ते बसले आणि संघात पोकळ जागाच राहिली नाही. अंतिम फेरीत त्यांनी आमच्याच बेल व्ह्यूला हरवले. मला वाईट वाटले, पण एक ड्युट्या लावणारी बाई म्हणून टोपी काढावीशी वाटली.

लेखकाने राखीव रायडरांना 'भरतीचे' म्हटले आहे. उलट आहे. सरासरीने सर्वांत खालचे दोघे राखीव जागांवर जातात आणि दुसरी हीट त्यांच्यातच होते. शिवाय कोणाचा दिवस खराब असेल, तर त्याच्या जागी राखीवच येतो. या जागेवरच्या रायडरला सात राइडपर्यंत मिळू शकतात. म्हणून दुखापतीतून नुकता उठलेला, सरासरी घसरून राखीवात आलेला चांगला रायडर हे मॅनेजरच्या हाती आलेले घबाड असते. नव्या सरासरींची यादी निघायच्या सुमारास स्टँडमध्ये कुजबुज चालते, की अमका शेवटच्या हीटला जरा हळू गेला का! मी त्यात पडत नाही.

दोन-चार नियमांबद्दल लेखकाशी माझे जमते. पिछाडीवरच्या संघाने काळ्या-पांढऱ्या हेल्मेटचा रायडर उतरवायचा आणि त्याचे गुण दुप्पट धरायचे, हा प्रकार गेला ते बरे झाले. त्यापेक्षा जुना टॅक्टिकल सब्स्टिट्यूट मला आवडतो. सहा गुणांनी मागे पडल्यावर दुबळ्याच्या जागी आपला हुकमी माणूस आणायचा, पण त्याला गुण मिळायचे ते नेहमीचेच, जास्तीत जास्त तीन. यजमानांना मुद्दाम चारच्याच आघाडीवर थांबावेसे वाटावे, अशी गंमत त्यात होती.

पाहुण्या रायडरांना लेखकाने 'भाडोत्री' म्हटले, ते मात्र अर्धवट माहितीवर. संघाचा अव्वल रायडर जायबंदी झाला, तर त्याच्याइतक्या किंवा कमी सरासरीचा रायडर दुसऱ्या क्लबाकडून एका मॅचपुरता आणता येतो. नाहीतर त्याच्या राइड उरलेल्यांत वाटून द्यायच्या, त्याला रायडर रिप्लेसमेंट म्हणतात. हाडे मोडण्याच्या या खेळात याला पर्याय नाही, आणि दोन्हींतून निवड करणे हाही डावपेचच आहे. घरच्या ट्रॅकवर मी बहुधा राइड वाटून देईन, कारण आपल्या पोरांना बेंडची नस माहीत असते. परक्या ट्रॅकवर, तिथे पूर्वी दोन हंगाम काढलेला पाहुणा मिळत असेल, तर तो घ्यावा. खटकते ते वेगळेच. २०२४ ला प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, क्लब उरले सात. कॉव्हेंट्रीचे ब्रँडन, स्विंडनचे ब्लन्सडन, वुल्व्हरहॅम्प्टनचे मॉनमोर ग्रीन, पीटरबरोचे शोग्राउंड, एकामागून एक ट्रॅक गेले. एवढ्याशा वर्तुळात पाहुणे फिरू लागले, की सोमवारी आपल्यासाठी जीव टाकणारा गुरुवारी समोरच्या पिट्समध्ये दिसतो. त्यात काही जण चॅम्पियनशिप या खालच्या लीगमध्येही दुसऱ्या क्लबाकडून धावतात, मोठी नावे पोलंड-स्वीडनच्या तारखा सांभाळून इकडे येतात. लोकांनी जयजयकार नक्की कोणाचा करायचा?

तरीही मर्यादा उठवा, हे मला पटत नाही. इतक्या थोड्या क्लबांत दोघे-तिघे श्रीमंत सगळे चांगले रायडर गोळा करतील, बाकीच्यांच्या स्टँडमध्ये माणसे येणार नाहीत आणि मग पाच-एक काढायला समोर संघच उरणार नाही. माझे शेजारी सांगतात, की १९६५ नंतरच्या ब्रिटिश लीगमध्ये 'रायडर कंट्रोल' नावाची समिती खेळाडूंना या क्लबातून त्या क्लबात पाठवत असे. त्यापेक्षा आकड्यांचा नियम परवडला, निदान सगळ्यांना आधी कळतो.

दोष आहे तो वेगळ्या जागी. चारच्या सरासरीचा मुलगा क्लबने घेतला, सांभाळला, त्याला राइड दिल्या आणि तो सातवर गेला, की हिवाळ्यात त्याच क्लबाच्या बेरजेत तीनची भर पडते आणि कोणालातरी काढावे लागते. बऱ्याचदा जातो तोच मुलगा, कारण आता तो दुसऱ्यांना हवा असतो. म्हणजे ज्याने शिकवले त्यालाच दंड. २०१४ ला एलिट लीगने (तेव्हाच्या सर्वांत वरच्या लीगने) राखीव जागा तरुण ब्रिटिश रायडरांसाठी ठेवल्या, पुढे 'रायझिंग स्टार' योजना आली. त्यामुळे पोरांना दार उघडले, आणि ते चांगलेच झाले. पण मोठे झाल्यावर घरात राहायची सोय कोण करणार?

माझी सूचना साधी आहे. राखीव म्हणून सुरुवात केलेला रायडर सलग त्याच क्लबात राहिला, तर पुढचे दोन हिवाळे त्याच्या सरासरीत झालेल्या वाढीचा निम्माच भाग बेरजेत धरावा. चारचा सात झाला तर साडेपाच. एका संघात अशी सवलत एकालाच, नाहीतर मोठे क्लब पोरांचा साठा करतील. आणि क्लब बदलला की पूर्ण सरासरी लागू. त्याच्याबरोबर पाहुण्यांवरही एक बंधन हवे: एका रायडरने एका हंगामात एकाच दुसऱ्या क्लबासाठी पाहुणा म्हणून उतरावे. इतके थोडे क्लब असताना मॅनेजरांना ते अवघड जाईल, पण मग निदान राइड वाटून द्यायला ते शिकतील आणि दुसऱ्या हीटच्या पोरांना तेराव्या हीटमध्ये उतरायची संधी मिळेल.

आपली,
एक वाचक,
गॉर्टन, मँचेस्टर